‘माणूस बरा वाटला’: घरदुरुस्ती आणि कंत्राटदाराची ओळख

चैत्र सरत आला की गावोगावच्या व्याख्यानमालांना जसा बहर येतो, तसाच तो आणखी एका उद्योगालाही येतो. तो उद्योग म्हणजे घरदुरुस्तीचा. पावसाळा सहा-सात आठवड्यांवर आलेला असतो. गेल्या आषाढात भिंतीवर उमटलेला ओलीचा डाग अद्याप तसाच असतो. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. मग घराघरांतून एकच खल सुरू होतो : यंदा गच्चीचा कोबा करून घ्यावा काय, न्हाणीघराच्या लाद्या काढाव्यात काय, स्वयंपाकघराचा ओटा बदलावा काय? ज्या व्यासपीठावर वेदान्ताची, राजकारणाची आणि साहित्याची चर्चा व्हावयाची, तेथे कोबा आणि लाद्या यांचे काय काम, असे कोणास वाटेल. परंतु सामान्य कुटुंबाने वर्षानुवर्षे बाजूस टाकलेली पुंजी ज्या व्यवहारात एका महिन्यात हातची निघून जाते, तो व्यवहार क्षुल्लक कसा म्हणावा? शिवाय तो आपण ज्या रीतीने करतो, ती रीतही विचार करण्याजोगी आहे.

ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. दोन-तीन कंत्राटदार येतात, भिंती पाहतात, आकडे सांगून जातात. त्यांतील एकास काम मिळते. त्यालाच का दिले, असे घरच्या कर्त्या माणसास विचारावे, तर तो सिमेंटच्या प्रमाणाविषयी बोलत नाही की दराच्या तुलनेविषयी बोलत नाही. तो सांगतो, “माणूस बरा वाटला.” पुष्कळदा ज्याला काम मिळाले त्याचा आकडा सर्वांत कमीही नसतो. साडी घेताना चार दुकाने पालथी घालणारी आणि भाजी घेताना जुडी उलटून पाहणारी आपण माणसे लाखाचे काम ‘बरा वाटला’ या दोन शब्दांवर सोपवतो. या दोन शब्दांत नेमके काय भरले आहे, त्यात शहाणपण किती आणि धोका किती, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम हे पाहू, की ग्राहकाला दुसरा मार्ग तरी कोणता असतो. अर्थशास्त्रज्ञांनी मालाचे तीन वर्ग केले आहेत. काही माल असा असतो की तो घेण्यापूर्वीच डोळ्यांनी पारखता येतो. कापड, भांडी, भाजी ही या वर्गातील. काही माल वापरल्यावरच कळतो. आंबा वरून कितीही केशरी दिसो, तो कापून खाल्ल्याखेरीज त्याची गोडी समजत नाही. हे दोन वर्ग फिलिप नेल्सन यांनी 1970 साली मांडले. त्यानंतर 1973 साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी तिसरा वर्ग पुढे आणला. या वर्गातील माल वापरूनही त्याची खरी प्रत कळत नाही. मोटार दुरुस्त करणाऱ्याने जो सुटा भाग बदलला तो खरोखरच बिघडला होता काय, हे मोटारमालकास गाडी पुन्हा धावू लागल्यावरही समजत नाही. असा माल केवळ विश्वासाने घ्यावा लागतो.

घरदुरुस्तीत हे तिन्ही वर्ग एकत्र नांदतात. रंगाची छटा पाहून ठरविता येते. नळ ठिबकतो की नाही ते आठ दिवसांत कळते. परंतु गच्चीचा कोबा घ्या. स्लॅब खरवडून स्वच्छ करावयाचा, भेगा भरावयाच्या, सिमेंटची पातळ लापशी ओतावयाची, भिजविलेल्या विटांचे तुकडे मसाल्यात बसवावयाचे आणि सगळ्याला पन्हाळाकडे नेमका उतार द्यावयाचा. कठड्याच्या पायथ्याशी गोलाई द्यावयाची, जिला गवंडी ‘वाटा’ म्हणतात. मग वरचा गुळगुळीत थर, आणि त्यानंतर किमान सात दिवस पाणी. यांपैकी ग्राहकाच्या डोळ्यांना शेवटी काय दिसते? फक्त वरचा थर आणि त्यावर दोरीने आखलेले चौकोन. विटा भिजविल्या होत्या की कोरड्याच बसविल्या, भेगा भरल्या की नुसत्या झाकल्या, हे सारे त्या थराखाली गाडले जाते. पैसे चुकते होतात वैशाखात, आणि परीक्षा होते आषाढात. न्हाणीघराचीही तीच गत. लादीखालचा जलरोधक थर हाच खरा माल असतो. लादी हे त्याचे नुसते पांघरूण.

आता प्रामाणिक कंत्राटदाराच्या बाजूने याच गोष्टीकडे पाहू. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. 2001 साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले, त्यामागे या निबंधाचा वाटा मोठा होता. त्याचे म्हणणे असे : चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे घेणाऱ्यास ओळखता येत नसेल, तर तो प्रत्येक गाडीला सरासरीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकास परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. खराब गाड्या मागे उरतात. घरदुरुस्तीच्या धंद्याला हे तंतोतंत लागू पडते. विटा रात्रभर भिजविणाऱ्याला, कुशल गवंडी ठेवणाऱ्याला आणि सात दिवस पाणी मारण्यासाठी माणूस पाठविणाऱ्याला खर्च अधिक येतो. ग्राहक केवळ आकड्यांची तुलना करू लागला तर हा मनुष्य हमखास मागे पडावयाचा. तेव्हा आपले काम वेगळ्या प्रतीचे आहे हे कामाआधीच पटविण्यासाठी त्याच्याजवळ साधन उरते ते एकच, ते म्हणजे तो स्वतः. त्याचे बोलणे, वागणे, वेळ पाळणे आणि त्याच्याविषयी चार माणसे जे सांगतात ते. न दिसणाऱ्या मालाची खूण म्हणून माणूस दाखवावा लागतो. या धंद्यात ओळखीला जे मोल आले आहे, त्याचे मूळ हे असे आहे.

आपल्याकडे पूर्वी ही ओळख निराळी निर्माण करावी लागत नसे. बलुतेदारीच्या गावगाड्यात सुतार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार होता. सुगीच्या वेळी त्याचा धान्याचा वाटा ठरलेला असे आणि त्या बदल्यात औत-नांगराची दुरुस्ती तो करीत असे. त्याचा बाप आपल्या बापास ओळखत असे. काम वाईट केले तर त्याच गावात, त्याच पारावर, त्याच माणसांसमोर त्याला उभे राहावे लागे. त्या व्यवस्थेतील जातीची बंधने आणि अन्याय आम्ही विसरत नाही, व ती परत यावी असेही कोणी म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : तेथे नाते आधी होते, काम मागून येई. शहरात हा क्रम उलटला. वाडे गेले, इमारती आल्या. सदनिकेत राहावयास आलेला गृहस्थ एका जिल्ह्यातला, गवंडी दुसऱ्या प्रांतातला, लाद्या बसविणारा तिसऱ्या राज्यातला. आता काम आधी उभे राहते, आणि त्यासाठी नाते तासाभरात जुळवावे लागते. यशस्वी कंत्राटदार म्हणजे हे तासाभराचे नाते जुळविण्यात तरबेज झालेला मनुष्य.

तो ते कसे जुळवितो? अनेक कंत्राटदारांची रीत पाहिली तर त्यात काही समान गोष्टी आढळतात. पहिली म्हणजे वेळ. ‘सकाळी दहाला येतो’ असे सांगून दहाला येणे हे या धंद्यात इतके दुर्मिळ आहे की तेवढ्यानेच अर्धे काम होते. ग्राहक मनाशी म्हणतो, जो पहिल्या भेटीची वेळ पाळतो तो कामाचीही मुदत पाळील. दुसरी गोष्ट म्हणजे हात लावून पाहणे. जो दारातूनच आकडा सांगतो त्याच्यापेक्षा जो भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून गिलावा पोकळ झाला आहे काय ते ऐकतो, शिडी मागवून माळ्यावर डोकावतो आणि ‘ही ओल वरून नाही, बाजूच्या नळीतून आहे’ असे सांगतो, त्याच्यावर मन बसते. हे वाजवीच आहे; कारण येथे ओळख आणि कसब ही दोन्ही एकाच कृतीतून प्रकट होतात.

तिसरी गोष्ट म्हणजे घरातल्या ज्या माणसाला ते काम भोगावयाचे आहे त्याच्याशी बोलणे. ओट्याचे उदाहरण घ्या. घरचे यजमान दिवाणखान्यात दगडाच्या भावाची घासाघीस करीत असतात. जाणता कंत्राटदार स्वयंपाकघरात जातो आणि विचारतो, “वहिनी, तुम्ही भाकरी ओट्यावर थापता की खाली बसून? मिक्सर कुठे ठेवता? डाव्या हाताला भांडी निथळायला जागा हवी का?” या तीन प्रश्नांत ओट्याची उंची, वीजजोडाची जागा आणि मोरीची बाजू ठरून जाते. त्या बाईंना वाटते, आजवर आपल्याला हे कोणी विचारले नव्हते. घरात आजी-आजोबा असतील तर तो न्हाणीघरात आधाराची दांडी कोठे हवी ते विचारतो, आणि निसरडी चकचकीत लादी नको म्हणून सांगतो. याला कोणी विक्रीची युक्ती म्हणेल. आम्ही म्हणू की हे मापच आहे. टेपने भिंत मोजतात, प्रश्नाने माणूस मोजतात. माणसाचे माप न घेता बांधलेला ओटा दिसावयास कितीही देखणा असो, त्यापुढे रोज उभी राहणारी बाई कंबर धरूनच बसावयाची.

चौथी गोष्ट म्हणजे ओळखीतून ओळख. “तुमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आपणच काम केले आहे,” हे वाक्य ऐकले की ग्राहकाची अर्धी शंका फिटते. सहकारी गृहसंस्थेत तर एका घरातील काम म्हणजे बाराही घरांसाठी मांडलेले प्रदर्शन असते. जिन्यात पसरलेली माती कोण झाडून नेतो, दुपारच्या वेळी ठोकाठोकी कोण थांबवितो, वाळूचे पोते उद्वाहनातून नेताना खाली फळी कोण टाकतो, हे शेजारी पाहत असतात. शहाणा कंत्राटदार म्हणूनच पहिल्या घरात थोडा कमी नफा घेतो आणि जिना स्वच्छ ठेवतो. पुढच्या चार घरांची कामे त्याला या जिन्यातच मिळतात.

पाचवी गोष्ट सर्वांत प्रभावी आणि सर्वांत विरळ आहे. ती म्हणजे ‘हे काम करू नका’ असे सांगणे. समजा, एखाद्याने नव्या इमारतीत घर घेऊन तीनच वर्षे झाली आहेत आणि भिंत पाझरू लागली आहे. तो पन्नास हजारांचे काम देण्यास तयार आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यान्वये, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील असा दोष विकासकाच्या नजरेस आणून दिल्यास, तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून देणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. जो कंत्राटदार म्हणतो, “साहेब, आधी बिल्डरला लेखी कळवा, माझे पैसे कशाला खर्चता,” तो त्या दिवशी पन्नास हजारांस मुकतो. परंतु त्या घरी आणि त्या घराच्या सोयऱ्या-धायऱ्यांकडे पुढे जी कामे निघतील ती दुसऱ्या कोणास सहसा जावयाची नाहीत. आपल्या तोट्याचा सल्ला देणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो, आणि तो उगीच ठेवतो असे नाही.

इतक्या विवेचनावरून हे दिसून येईल की ‘माणूस बरा वाटला’ हे उत्तर अगदीच भाबडे नाही. त्यात आणखी एक व्यावहारिक शहाणपण आहे. घरदुरुस्तीचा करार कितीही बारकाईने लिहिला तरी तो अपुराच राहतो. जुनी लादी उखडल्यावर खालची लोखंडी नळी गंजून चाळण झालेली निघते. खिडकीची चौकट काढताना वरचा गिलावा ढासळतो. अशा वेळी नवा खर्च किती आणि तो कोणी सोसावा, हे कागदात नसते. ते दोन माणसांच्या समजुतीने ठरते. ज्याच्याशी बोलता येते असा मनुष्य निवडणे म्हणजे न लिहिलेल्या कलमांची आगाऊ तरतूद करणेच होय.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजू आता पाहिली पाहिजे. वर सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी शेवटची सोडली तर बाकीच्या चारही गोष्टींचे सोंग आणता येते. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने 1984 साली मनुष्य दुसऱ्याच्या म्हणण्यास कसा वश होतो याचे विवेचन करणारा एक ग्रंथ लिहिला. आपल्याला आवडणाऱ्या माणसास ‘नाही’ म्हणवत नाही; कोणी लहानसा उपकार केला की त्याची फेड करावीशी वाटते; चार लोक करतात ते बरोबर वाटते; आणि संधी निसटत आहे असे दिसले की घाई सुटते. ही सारी सूत्रे त्यात आहेत. त्यांचा विक्रीसाठी वापर मात्र त्या ग्रंथाच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

अमेरिकेतील उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील लाकडी घरांना बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसविण्याचा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर भरभराटीस आला. घरदुरुस्तीच्या कर्जांना सरकारी विम्याचे पाठबळ 1934 च्या गृहनिर्माण कायद्यापासूनच मिळत होते, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. दारोदार फिरणारे विक्रेते घरात शिरत, मुलांची चौकशी करीत, आणि मग आवाज खाली आणून सांगत की तुमचे घर आम्ही या भागातील नमुन्याचे घर म्हणून निवडले आहे. तुम्हांला विशेष सवलत मिळेल, शेजाऱ्यांनी पाहून कामे दिली की तुमचे पैसे वसूल होतील. मात्र सही आजच हवी. सवलत खोटी असे आणि किंमत चढी. या कर्जांतील गैरप्रकारांची 1954 साली तेथील सिनेटच्या समितीने चौकशी केली. दारावरच्या विक्रीचा उपद्रव इतका वाढला की अखेर 1974 पासून असा नियम अमलात आला की घरी येऊन केलेल्या अशा विक्रीचा करार ग्राहकास तीन कामकाजाच्या दिवसांत बिनशर्त रद्द करता यावा. या नियमामागचा विचार मार्मिक आहे. विक्रेता समोर बसलेला असताना मनुष्य मोकळेपणी विचार करू शकत नाही. तो उठून गेल्यावर त्याला विचार करण्यास तीन दिवस मिळावेत.

आपल्याकडे या दडपणाला एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे भीड. ज्या गृहस्थाने आपल्या घरी चहा घेतला, आपल्या आईला वाकून नमस्कार केला, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली, त्याला ‘दर ब्रासला किती आणि एकूण किती ब्रास?’ असे विचारणे आपल्या जिवावर येते. गिलाव्याला आणि फरशीला शंभर चौरस फुटांचा ब्रास, वाळूला शंभर घनफुटांचा, हा फरकही पुष्कळांस ठाऊक नसतो. पण विचारावयाचा कोणाला? “तुम्ही घरचेच आहात, कागद कशाला?” या वाक्याने तोंड बंद होते. मग काम उक्ते आहे की रोजंदारीचे, मालासह आहे की नुसत्या मजुरीचे, हेही हवेतच राहते. भीड भिकेची बहीण, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशा अनुभवांतूनच घडविली असली पाहिजे.

म्हणून या साऱ्या विवेचनाचे मर्म आम्ही असे सांगतो, की ओळख आणि भीड या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत. ओळखीने तोंड उघडते, भिडेने ते मिटते. ज्या कंत्राटदाराशी बोलल्यावर तुम्ही अधिक प्रश्न विचारू लागता, त्याने तुमच्याशी खरी ओळख केली. ज्याच्याशी बोलल्यावर ठरवून ठेवलेले प्रश्नही गिळावेसे वाटतात, त्याने तुमच्यावर भीड घातली. माणूस बरा वाटला की नाही, याबरोबरच त्याच्यासमोर आपण मोकळे झालो की संकोचलो, हेही स्वतःस विचारावे.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लावावी, ते थोडक्यात सांगतो. पहिले, कामाचा तपशीलवार कागद मागावा. त्यात कामाच्या बाबी वेगळ्या, मोजमाप वेगळे, दर वेगळा आणि मालाचे नाव स्पष्ट असावे. आपल्या 1872 च्या करार कायद्यात सामान्यतः तोंडी करारही ग्राह्य आहे; पण ग्राह्य असणे निराळे आणि सिद्ध करता येणे निराळे. खरा कारागीर कागदाने दुखावत नाही, कारण पुढे ‘हेही तुम्ही कबूल केले होते’ या वादातून तो कागद त्यालाही वाचवितो.

दुसरे, दाखला पाहावयाचा तर नुकतेच संपलेले काम पाहू नये. दोन पावसाळे पाहिलेले काम पाहावे. नवे काम सर्वांचेच चांगले दिसते. त्या घरच्या माणसास एवढेच विचारावे की काम संपल्यानंतर तक्रार केली तेव्हा हा गृहस्थ आला होता काय. काम करताना सगळेच गोड बोलतात. पैसे मिळाल्यावर जो फोन उचलतो तो खरा.

तिसरे, पैसे टप्प्याटप्प्याने द्यावे. काही कंत्राटदार एका घराच्या इसारातून दुसऱ्या घरचा माल आणतात आणि दुसऱ्याच्या उचलीतून तिसऱ्या घरचे मजूर चुकते करतात. ही साखळी कोठे तुटली की एखादे घर लाद्या उखडलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहते. तेव्हा इसार माल आणण्यापुरता असावा, पुढचे हप्ते झालेल्या कामाबरोबर द्यावेत, आणि थोडी रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावी, असे आधीच ठरवावे. सरकारी बांधकामांत दोषदायित्वाचा काळ संपेतो अनामत रक्कम राखून ठेवण्याची पद्धत आहेच. ती घरच्या कामाला लावण्यात कोणाचा अपमान नाही.

चौथे, जे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी पाहावे. न्हाणीघरात लादी बसण्याआधी आणि गच्चीवर कोबा झाल्यावर दोन-तीन दिवस पाणी कोंडून ठेवावे आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहावे. विश्वासाने घ्यावयाचा माल या एका परीक्षेने पुष्कळसा पाहून घ्यावयाचा होतो. “पाणी कोंडून दाखवतो, या बघायला” असे जो आपणहून म्हणतो, त्याला आम्ही दहा गोड शब्दांपेक्षा अधिक गुण देऊ.

पाचवे, पावतीचा लोभ सोडू नये. “बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील” हे आमिष पुष्कळांना भुलविते. वीस लाखांच्या आत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान कारागिरास सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा तो कर लावीत नसेल तर त्यात गैर काही नाही. परंतु साधी सही केलेली पावती तोही देऊ शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्कही नाही. मात्र दाखविण्यास कागदाचा कपटाही नसेल तर आयोगाने तरी काय पाहावे?

आता चार शब्द कंत्राटदाराच्या बाजूने बोललेच पाहिजेत. कारण भीड घालण्याची कला केवळ त्यालाच अवगत आहे असे नाही. ‘आता तुम्ही घरचे झालात’ असे म्हणून ठरलेल्या कामात दोन फळ्या, एक खुंटी आणि शेजघराचा एक रंगाचा हात फुकट मागणारे ग्राहक आपल्यात थोडे नाहीत. काम चालू असताना तीनदा लादी बदलावयाची आणि उशिराचे खापर त्याच्या माथी फोडावयाचे, शेवटचा हप्ता देण्याची वेळ आली की दाराच्या कोपऱ्यातला ओरखडा शोधून काढावयाचा, हेही घडते. तो अडकलेला हप्ता कंत्राटदाराच्या खिशातून वजा होतोच असे नाही. अनेकदा तो विटा वाहणाऱ्या बिगाऱ्याच्या आठवड्याच्या मजुरीतून वजा होतो. ज्याने आपले घर राहण्याजोगे केले त्याच्या चुलीवर त्याचा भार पडतो. राखून ठेवलेली रक्कम पावसाळा निर्वेध जाताच, मागण्याची वाट न पाहता देऊन टाकणे हा ग्राहकाचा धर्म आहे. असे वागणाऱ्या घरी पुढच्या वेळी चांगला कारागीर आपले दुसरे काम बाजूस ठेवूनही येतो. चांगल्या ग्राहकाचे नावसुद्धा या धंद्यात तोंडोतोंडी पसरत असते.

सारांश, माणूस पाहून काम देण्याची आपली रीत टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ज्या मालाचा आतला भाग दिसत नाही तेथे माणूस पाहावाच लागतो, आणि माणसे जोडण्याची हातोटी हा या धंद्यातील एक खराखुरा गुण आहे. फक्त त्या पहिल्या तासाच्या गोडव्याला विश्वास हे नाव देण्याची घाई करू नये. तो विश्वासाचा इसार आहे. बाकीची रक्कम कागदाने, पाणी कोंडून घेतलेल्या परीक्षेने आणि दोन पावसाळ्यांनी चुकती व्हावयाची असते. यंदा वैशाखात जे कोणी घराचे काम काढणार असतील त्यांनी कंत्राटदाराला चहा अवश्य पाजावा, त्याच्या मुलाबाळांची विचारपूसही करावी. आणि चहाचा पेला खाली ठेवल्यावर मोजमापाचा कागद त्याच्यापुढे सरकवावा. तो कागद त्याने आनंदाने वाचावयास घेतला, तर माणूस खरोखरच बरा आहे असे समजण्यास हरकत नाही.